खिडकीजवळचं टेबल

रविवारी अकरा वाजत आले की माझा जीव वरखाली व्हायचा. बाबांच्या व्हिडिओ कॉलची ती वेळ. त्याआधी मी खिडकीजवळचं टेबल पुसायचे, चार पुस्तकं रचायचे, एक उघडून पालथं घालायचे आणि मागचा कपड्यांचा ढीग दिसणार नाही असा फोन टेकवायचे. नवरा म्हणायचा, झालं, सेट लागला. मी त्याच्यावर खेकसायचे, कारण तो खरं बोलत होता.

बाबा साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकन कादंबऱ्यांचं वेड त्यांनीच मला लावलं. त्या लेखकांना राजेराण्या नको होत्या. दुकानदार, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बायका, जेवताना चाललेली धुसफूस, सगळं आहे तसं लिहायचं. मीठमसाला न लावता लिहायला छाती लागते, असं बाबा म्हणायचे.

मी पीएच.डी.ला तोच विषय घेतला. पहिलं प्रकरण होतंय तोवर नवऱ्याला इथे जर्मनीत, येना शहरात, लेन्सच्या कंपनीत नोकरी लागली. म्हटलं, बरंच झालं, निवांत लिहीन. कसलं निवांत! जर्मनचे वर्ग, मुलगी, किंडरगार्टन, या ऑफिसातून त्या ऑफिसात कागद. आठ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, मुदतही संपली. आणि बाबा दर रविवारी विचारणार, कुठवर आलं? मी ठोकून द्यायचे: तिसरं संपलं, चौथं चालू आहे. आहे तसं लिहिणाऱ्यांवरचा प्रबंध, आणि तोच थापांचा! फोन ठेवला की माझीच मला चीड यायची. मग घरभर येरझाऱ्या, नाहीतर आवरलेली कपाटं पुन्हा आवरणं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बाबांनी नातीलाच विचारलं, आई लिहिते ना गं? तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून. ती म्हणाली, छे, आईचे कागद खाली तळघरात खोक्यात आहेत, त्यावर माझी बर्फावरची स्लेज ठेवलीय.

बाबांना जर्मनचं ओ का ठो कळत नाही. "काय म्हणाली ती?"

अशा वेळी मी गोड भाषांतर करते. सासूबाईंच्या भाजीला तिने नाक मुरडलं, तरी "आवडली म्हणते" असं सांगते. आताही काहीतरी जिभेवर आलं होतं. पण मुलगी टक लावून माझ्याकडे बघत होती. मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. वर म्हटलं, पहिल्या प्रकरणापुढे काही नाही, बाबा. होणारही नाही.

मग त्यांनी हातातला फोन हळूहळू खोलीभर फिरवला. दर रविवारी त्यांच्या मागे दिसणारं पुस्तकांचं गच्च कपाट, तेवढं एकच उरलं होतं. बाकी फळ्या रिकाम्या. दिवाळीपासून त्यांना अक्षर दिसत नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, पुस्तकं वाचनालयात गेली होती.

"तुला सांगितलं असतं, तर लिहिणं सोडून धावत आली असतीस," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं आणि विचारलं, "पहिलं आहे ना? वाच."

मी अनवाणीच खाली पळाले, स्लेज बाजूला केली, खोकं वर आणलं. तिसऱ्या पानावर बाबांनी मला थांबवलं.

"हे वाक्य उगाच नटवलंयस. खोड."

मी पेन शोधायला लागले. टेबलावर एकही नव्हतं.