खडकातला डबा आणि सासऱ्यांचा अभिप्राय

अज्ञाताचा शोध घेणं ही माणसाची सर्वांत उदात्त प्रेरणा आहे. माझी प्रेरणा अमिरातीतल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावर एका प्लास्टिकच्या डबीवर बसून संपली.

माझी मुलगी जोआना शारजात वाढली. तिला जिओकॅशिंगचा नाद आहे. या खेळात कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो आणि बाकीचे लोक हातात जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा. हे सगळं आजूबाजूच्यांना कळू न देता! (उपग्रह सोडायला अब्जावधी खर्च झाले ते यासाठी.) पहिलं नाव लिहिणाऱ्याला मोठा मान असतो. त्यासाठी लोक ऑफिसला दांड्या मारतात.

जोआनाने आयुष्यातला पहिला डबा लपवला होता. आईला गाडी चालवायला लावून ती एकटीच खडकांत गेली, आणि जागा आम्हा कुणालाही सांगितली नाही. शनिवारी सकाळी आठला डबा संकेतस्थळावर प्रसिद्ध होणार होता. कुणी अनोळखी माणूस येऊन आपला डबा शोधतोय हे तिला लांबून, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून आम्ही सहकुटुंब, सहलीचं सोंग करून, खडकांपासून पन्नास पावलांवर चटई टाकून बसलो.

सहकुटुंबात माझे सासरेही होते. वसईच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, महिनाभरासाठी आलेले. निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं त्यांनी प्रमुख पाहुणा म्हणून काढली आहेत.

नऊच्या सुमारास जोआना आणि माझी बायको सेलिन रस्त्यापलीकडच्या कॅफेटेरियात चहा आणायला निघाल्या.

"डॅडी, डोन्ट टच एनीथिंग," जोआना म्हणाली. "जस्ट सिट."

मी बसलो. पण सासरे बसू देतील तर ना!

"फ्रान्सिसराव, तुमच्या हातातलं ते काय?"

मी जीपीएसबद्दल व्याख्यान दिलं. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह कसे संदेश पाठवतात, त्यांच्यावरची अणुघड्याळं, तीन मीटरची अचूकता. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे हिचा डबा कुठे आहे ते या यंत्राला माहीत आहे?"

"आकडे आठ वाजताच टाकलेत."

"यंत्राला माहीत आहे. मग तुम्हाला का नाही?"

जावयाच्या अभिमानाला यापुढे वेगळं निमंत्रण लागत नाही. 'फक्त जागा बघायची, हात लावायचा नाही,' असं ठरवून मी उठलो. यंत्र म्हणालं, डावीकडे चार मीटर. मी गेलो. यंत्र म्हणालं, मागे सात मीटर. मागे गेलो. त्या तीन मीटरच्या अचूक वर्तुळात चाळीसेक खडक होते, आणि मी त्यांच्याभोवती संगीत खुर्ची खेळल्यासारखा फिरत होतो.

सासरे काठी टेकत आले, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाले, "तो चपटा दगड उचला."

"का?"

"बाकीचे पडलेले आहेत. तो ठेवलेला आहे. अडतीस वर्षं परीक्षेला कॉप्या पकडल्या आहेत मी."

दगडाखाली डबी होती! आत पेन्सिलीचा तुकडा आणि बोटभर रुंदीच्या कागदाची गुंडाळी. सासऱ्यांनी ती उलगडली. कोरा कागद आणि पेन्सिल! त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"अभिप्रायासाठी जागा फार कमी ठेवली आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

इथे मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण अठरा वर्षांच्या संसारात ज्या माणसाला मी 'बाबा, मीठ कमी खा' असंही म्हणू शकलो नाही, त्याच्या हातातली पेन्सिल कशी काढून घेणार? शिवाय एकच ओळ लिहितील असं वाटलं. ते दाणेदार अक्षरात लिहीत राहिले, कागद संपल्यावर तो उलटा करून लिहीत राहिले आणि शेवटी पल्लेदार सही केली.

तेवढ्यात गाडी थांबली. हातात पिवळं यंत्र घेतलेला एक माणूस, समुद्राकडे बघत असल्याचं नाटक करत, थेट आमच्याकडे येऊ लागला.

मी गडबडलो. कागद डबीत कोंबला, झाकण लावलं, डबी खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो.

तो माणूस माझ्याभोवती एक फेरी मारून गेला. मग दुसरी. त्याच्या यंत्राचा बाण माझ्याकडे होता. माझ्याभोवती एवढ्या प्रदक्षिणा आजवर कुणी घातल्या नव्हत्या.

"भाईसाब, आप ज़रा उठेंगे?"

"क्यों? मैं तो यहाँ रोज़ बैठता हूँ!"

तेवढ्यात रस्त्यावर जोआना दिसली, दोन्ही हातांत चहाचे कप. शोधायला आलेला माणूस बघून ती जागीच थांबली. चेहरा आनंदाने फुललेला! मग तिला मी दिसलो. ती कपांसकट हात हलवून मला उठायला सांगू लागली. मला वाटलं, तिथेच बसा म्हणतेय. मी आणखी दाबून बसलो.

"फ्रान्सिसराव, परक्या माणसाला ताटकळत ठेवू नये," सासरे म्हणाले आणि त्याच्याकडे वळले. "डब्बा ढूँढते हो ना? इनके नीचे है."

मी उठलो. तो माणूस शारजातल्या हमरिया फ्री झोनमधला इंजिनीअर होता, मूळचा केरळचा. आठ वाजता सूचना आली तसा आंघोळ न करता निघाला होता, पहिलं नाव लिहायला. त्याने कागद उलगडला. पुढून बघितला, मागून बघितला.

"ये क्या लिखा है?"

सासऱ्यांनी घसा साफ केला आणि उभं राहून वाचलं. "आज सदर डब्यास भेट दिली. झाकण घट्ट बसते. पेन्सिल आहे, खोडरबर नाही. परिसर स्वच्छ. जागा निवडताना विद्यार्थिनीने कल्पकता दाखवली आहे, तथापि दगड चपटा असल्याने संशय येतो. विद्यार्थ्यांनी या उपक्रमाचा लाभ घ्यावा..."

"आजोबा! दॅट वॉज द लॉग!" जोआना धावत आली. अर्धा चहा वाटेतच सांडला होता. "फर्स्ट लाइन वॉज फॉर हिम!"

"मग कागद पुरेसा ठेवायचा, बाळ. पाहुणे काय, एकच येतात?"

जोआनाने आजोबांना काही म्हटलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "यू हॅड वन जॉब. सिटिंग." मी म्हणालो, बसलो तर होतो. यावर तिने पाठ फिरवली. सेलिनने त्या माणसाच्या हातात उरलेला चहा दिला. तो 'जाऊ दे'च्या आखाती ढंगात म्हणाला, "खलास, नो प्रॉब्लेम," पण आवाजात प्रॉब्लेम होता. नाव लिहायला त्याने कागदाच्या चारी कडा पुन्हा तपासल्या, आणि मग नुसता फोटो काढून गाडीत बसला.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. डोंगरातला बोगदा संपला आणि मागच्या सीटवर जोआनाचा फोन वाजला. त्या माणसाने संकेतस्थळावर नोंद टाकली होती. तिने ती वाचली, थोडा वेळ ओठ दाबून धरले, आणि मग तिला हसू आवरेना. भाषांतर करत तिने ती आईला मराठीत ऐकवली, शब्द शोधत शोधत:

"जागा सुंदर. डबा एका वयस्कर सरांनी माझ्या आधी, यंत्राशिवाय शोधला. पहिला मान त्यांचा. मी आलो तेव्हा डब्यावर एक गृहस्थ बसले होते. विनंती करूनही उठले नाहीत."

"सभ्य माणूस आहे," सासरे म्हणाले.

नोंदीखाली लाल खूण होती: कागद पूर्ण भरला आहे, मालकाने बदलावा. डबा जगासमोर येऊन तेव्हा दोन तास झाले होते, आणि त्याला भेट देणाऱ्यांची एकूण संख्या दोन होती. मला त्यात धरलेलं नव्हतं.