बाळ रडतंय तोवर

हवाई दलातून निवृत्त झालेला झुबकेदार मिशीवाला माणूस न्हाणीघरात पाय पसरून बसलाय आणि त्याच्या नडग्यांवर पालथं तान्हं बाळ. सुर्वेकाका म्हटलं की मला हेच दिसतं. नव्वदच्या दशकात चंदीगडला घरोघर केबल आली होती, पण बाळाला न्हाऊ घालणारी मराठी बाई मिळत नव्हती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे माझ्या बायकोचं, मीनलचं बाळंतपण इथेच झालं. सांगलीहून माझी आई आली, पण तिचे गुडघे तिला खाली बसू देईनात. तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "न्हाऊ मी घालतो," म्हणाले, "पण पाणी बापानं ओतायचं." प्रत्येक घरी त्यांची हीच अट असे.

बाप म्हणजे मी. विद्यापीठात भरल्या वर्गापुढे तोंड वाजवणारा हा प्राध्यापक वीतभर पोरीला हात लावायला भीत होता. शेजारचे सरदारजी पाठीवर थाप मारून पार्टी कधी म्हणून विचारत, मी हसून पेढे पुढे करी. घास उतरत नव्हता. बस स्टँडवर जावं, मिळेल ती बस पकडावी आणि परत येऊच नये, असं वाटे. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाळंतीण ती का तू?

एका सकाळी मी तांब्या भरला आणि ओतायचाच थांबलो. पोरगी कोकलत होती. काकांनी वर न बघता कोपरानं दार लोटलं.

"बाळ रडतंय तोवर रडून घे. बाहेर कळत नाही."

मी चांगलं भोकाड पसरलं. बाहेरून आई कौतुकानं म्हणाली, "पोरीचा आवाज खणखणीत आहे हो!"

मग रोज तसंच. पुढे काकांनीच मला डॉक्टरकडे नेलं. ताप आला तर जातोस ना, मग चल, एवढंच म्हणाले.

स्वतःचं त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या थोरल्या लेकाला मुलगा झाला, घर माणसांनी भरलं. "सगळे बाळाकडं बघत होतो. मीसुद्धा. तो दारात उभा होता, त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही." बारशाआधी त्यानं जीव दिला. हे सांगताना काकांचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला नाही.

काका गेले तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. मराठी समजायचं तिला, बोलायची मात्र हिंदीत. न्हाणीघरातली माझी फजिती ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती. काकांच्या घरी मी आल्यागेल्याला खुर्च्या देत होतो, शेजाऱ्यांनी आणलेला चहा ओतत होतो. तिनं माझी बाही ओढली आणि कानाशी आली.

"पापा, मैं जोर से रोती हूँ. आप भी रो लो."