अलीम मिस्त्रीची संथ फेरी

माणूस गाडीवरून जोरात पडला तर गाव त्याला दवाखान्यात नेतं, हळू पडला तर चहा पाजतं. कोल्हारच्या अलीम मिस्त्रींना त्या दिवशी अजिनाथच्या टपरीवर लागोपाठ तीन कप चहा पाजला गेला. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, तरी तिन्ही गोड कप त्यांनी मुकाट्यानं प्यायले. नको म्हणायला तोंड वर करावं लागतं, आणि तेवढंच त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

पण पडण्याआधी फेरीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, गाडी कलंडली त्यात एवढं काय? रोज कुणाची ना कुणाची कलंडतेच.

प्रवरेच्या पुलाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. त्याला पाटी नाही, कारण पाटीची कधी गरज पडली नाही. बुलेट दुरुस्त करायची म्हटलं की पुणतांब्यापासून काष्टीपर्यंतची माणसं हे शेड विचारत येत. मिस्त्री हे काम नगरला शिकले. त्यांचे उस्ताद लष्कराच्या लिलावातल्या मोडक्या बुलेट घ्यायचे आणि पुन्हा उभ्या करायचे. उस्ताद म्हणायचे, "गाडी पळवली की तिचं सगळं खोटं वाऱ्यात उडून जातं. हळू चालव, मग ती खरं बोलती." ही शिकवण मिस्त्रींनी चाळीस वर्षं पाळली. दुरुस्त झालेली कुठलीही बुलेट ते गिऱ्हाइकाच्या हातात तशीच देत नसत. आधी स्वतः एक फेरी मारत. शेडपासून अजिनाथच्या टपरीपर्यंत जायचं, टपरीसमोर अख्खं वळण घ्यायचं आणि परत यायचं. तेही माणसाच्या चालीनं, आणि जमिनीला पाय न टेकवता.

पावणेदोनशे किलोचं धूड पायी चालीनं हाकून बघा एकदा, म्हणजे कळेल. फटफट फटफट करत गाडी येई, हँडल सुतासारखं सरळ, मान एका अंगाला कललेली, कान इंजिनाशी. टपरीवरची माणसं बोलणं थांबवत. फेरी मारून मिस्त्री उतरले आणि "जा घेऊन" म्हणाले की गाडी पास. मध्ये पाय टेकवावा लागला तर गाडी पुन्हा उघडली जाई. पाय टेकला तर दोष गाडीचा, असा मिस्त्रींनी स्वतःच केलेला कायदा होता. जुन्या बुलेटचा सौदा ठरताना घेणारा पहिल्यांदा विचारायचा, "अलीमची फेरी झालीय का?" मिस्त्रींनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही म्हणा, पण हे एक वाक्य कमावलं होतं.

आणि त्याच माणसाच्या डाव्या पायातली जाणीव निघून गेली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते शेडवर येऊन बसले आणि मागोमाग त्यांची बायको रोशनबी आली. तिच्या हातात त्यांची डावी चप्पल होती.

"रस्त्यात पडली हुती," ती म्हणाली. "तुमाला कळलं न्हाई?"

मिस्त्रींनी पायाकडे पाहिलं. अर्धं गाव ते एका चपलेनं चालत आले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली. "कळतंय का?" मिस्त्री म्हणाले, "कळतंय की." टाचणी डोळ्यांना दिसत होती, म्हणून कळत होती. मग डॉक्टर म्हणाले, "आता डोळे मिटा." डोळे मिटले. पुष्कळ वेळ गेला. मिस्त्री वाट बघत होते, डॉक्टर कधी टोचतात म्हणून. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर टाचणी ठेवून कागदावर लिहीत होते.

"शुगरनं नसा गेल्यात, चाचा."

"बदलून मिळत्यात का?"

डॉक्टर हसले. मिस्त्रींनी गंमत केली नव्हती. ज्याचा जन्म वायर आणि केबल बदलण्यात गेला, तो दुसरं काय विचारणार? गेलेल्या नसा परत येत नाहीत, फक्त उरलेल्या जपायच्या, एवढं ऐकून ते घरी आले.

रोशनबीचं म्हणणं होतं, गिऱ्हाइकांना खरं सांगून टाकावं आणि फेरी बंद करावी. मिस्त्री उसळले. "पायात जीव न्हाई म्हणलं तर माझ्या हातावर कोन इस्वास ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची." मग त्यांनी मिस्त्र्याचाच इलाज केला. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंदीची पट्टी कापली आणि चप्पल पायाला करकचून बांधून टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चप्पल सैल हाय." पट्टी बांधून त्यांनी दोन वर्षं फेऱ्या मारल्या. पाय टेकवायचा नव्हताच, मग पायाला कळलं काय आणि न कळलं काय! असा त्यांचा हिशेब होता, आणि दोन वर्षं तो बरोबर ठरला.

त्या दिवशी गोरक्षची गाडी होती. गोरक्ष शेजारच्या गावचा बागायतदार. बुलेट त्याच्या वडिलांची, सहादेव पाटलांची. ती जुन्या धाटणीची होती, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक. सहादेव पाटलांच्या हयातीत मिस्त्रींनी तिचं इंजिन तीनदा बांधलं होतं. वडील गेल्यावर गोरक्षनं ती पुन्हा चालू करायला आणली, कारण वर्षश्राद्धाला तीच गाडी घेऊन त्याला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचं होतं. महिनाभर मिस्त्री तिच्या कामाला बसले होते. अँपिअरचा काटा मध्यावर आणून त्यांनी किक मारली आणि एकाच किकमध्ये गाडी बोलली. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. "बापाचा आवाज आला," तो म्हणाला.

फेरी सुरू झाली. टपरीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मिस्त्रींनी हँडल पूर्ण वळवलं, अर्ध्या क्लचवर गाडी वळायला लागली, आणि तेवढ्यात उसाची ट्रॉली आडवी आली. थांबावं लागलं. वळलेल्या हँडलवर जड गाडी थांबली की ती माणसाच्या भरवशावर असते. मिस्त्रींनी डावा पाय खाली टाकला. म्हणजे टाकला असं त्यांना वाटलं. ट्यूबच्या पट्टीचं सुटलेलं टोक फूटरेस्टमध्ये अडकलं होतं. जागत्या पायाला ती ओढ कळली असती आणि एका हिसक्यात पाय सुटला असता. हा पाय फूटरेस्टवरच राहिला, आणि मिस्त्री मात्र निश्चिंतपणे त्या पायावर भार देत राहिले.

म्हैस बसते तशी गाडी बसली, अगदी सावकाश. सावकाश पडण्याचं हेच वाईट असतं, माणसाला सगळं बघायला सवड मिळते. जमीन वर येताना दिसली, टपरीवरचे सगळे चेहरे दिसले, अजिनाथच्या हातातली किटली हवेत थांबलेली दिसली.

पेट्रोल ठिबकायला लागलं. चौघं धावले. गाडी उचलली, मिस्त्रींना उचललं. गोरक्षनं घाईनं स्वतःच सांगून टाकलं, "क्लच धरत आसंल, मिस्त्री. पाय टेकला तर दोष गाडीचा, तुमचाच कायदा हाय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. सगळे मिळून त्या बिचाऱ्या गाडीवर दोष ढकलत होते, आणि मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीचा क्लच लोण्यासारखा होता, त्यांनीच बसवला होता.

"लागलं का?" अजिनाथनं विचारलं.

"न्हाई, काईच न्हाई."

"अवो, रगत येतंय की."

सगळ्यांनी खाली बघितलं. डाव्या पायाची करंगळी फाटली होती आणि रक्ताचा ओघळ रस्त्यापर्यंत गेला होता. ट्यूबची पट्टी लोंबत होती. मिस्त्री पायाकडे बघत राहिले, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं. दुखत नाही हे त्यांच्या तोंडावर सगळ्यांना स्पष्ट दिसलं. मूठ उघडली होती. अजिनाथनं चहाचा पहिला कप आणला.

गाव वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण गाव फार चांगलं वागलं. गिऱ्हाइकं येत राहिली, फक्त काम झालं की म्हणत, "तुमी बसा चाचा, फेरी आमी मारतो. तुमी निस्तं ऐका." कालपर्यंत जे 'मिस्त्री' म्हणत होते, ते आता 'चाचा' म्हणायला लागले. म्हणणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही. मिस्त्रींनी मात्र पहिल्याच दिवशी ऐकलं.

गोरक्ष महिन्यानं गाडी दाखवायला पुन्हा आला. त्यानं स्वतः फेरी मारली. दोन्ही पाय जमिनीला घासत, आणि गाडी बंद पडू नये म्हणून रेस करत. त्या आवाजात मिस्त्रींना काही म्हणता काही ऐकू आलं नाही. इंजिनात कुठंतरी टॅपेटची बारीक टकटक असावी असं वाटलं, पण खात्री होईना. हळू चालव, असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली.

"कशी हाय, चाचा?"

"चांगली हाय," मिस्त्री म्हणाले. "जा घेऊन."

न ऐकता पास केलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली गाडी. पंधरवड्यानं तीच गाडी शेडसमोरून न थांबता पुढं गेली. टकटक आता रस्त्याच्या पलीकडूनही ऐकू येत होती. गोरक्षनं मान दुसरीकडे वळवली होती. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटावी, तर ती मिस्त्रींना. पण ती गोरक्षला वाटत होती.

त्या दिवशी दुपारी त्यांनी शेडचं दार अर्धं ओढून घेतलं आणि स्वतःची बुलेट उजव्या अंगानं भिंतीला टेकवून उभी केली. डबा घेऊन आलेल्या रोशनबीला म्हणाले, "हितं हुबी ऱ्हा. मी डोळं मिटून पाय खाली सोडतो. टेकला का न्हाई ते मला मीच सांगनार. तू फकस्त खरं-खोटं सांग."

"काय खूळ हाय हे?"

"सवय करतो. सवयीनं जमतं. उस्ताद अंधारात कार्बोरेटर उघडायचे."

ते गाडीवर बसले, डोळे मिटले. डावा पाय फूटरेस्टवरून काढला आणि सोडला. सगळं ध्यान त्या पायात ओतलं. कपाळावर घाम आला. खालून काहीतरी आल्यासारखं वाटलं. जमिनीचा गारवा असेल, खडा असेल. अल्लाची शपथ, काहीतरी होतंच.

"टेकला," मिस्त्री म्हणाले. "टेकला ना?"

रोशनबीनं खाली पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. टेकला."

चाळीस वर्षं इंजिनाचा खोटा आवाज पकडणारा कान होता तो. पायातलं सगळं गेलं होतं, पण कानातलं काही गेलं नव्हतं. मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांनी आधी खाली पाहिलं नाही, रोशनबीकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती. मग त्यांनी खाली पाहिलं.

चप्पल जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होती. तिच्याखालून मुंग्यांची रांग शांतपणे चालली होती.

"उतरायला हात दे," मिस्त्री म्हणाले.