दोन दारांची गाडी

माझा थोरला भाऊ काविळीनं गेला, तेव्हा त्याची अमेरिकन गाडी आमच्या सोलापूरच्या घरासमोर उभी होती. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरकडून त्यानं ती हौसेनं घेतली होती. लांबलचक बॉनेट, दोनच दारं आणि इंजिनाचा आवाज असा, की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. तो गेल्यावर आईला ती बघवेना. वडिलांनी ती बार्शी रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याला देऊन टाकली. "निदान आजारी माणसांच्या उपयोगी पडेल," ते म्हणाले.

सहा महिन्यांनी मी त्यांच्याबरोबर तिथं गेले. गाडी लिंबाखाली उभी होती, चाकं मातीत रुतलेली. मागच्या सीटवर कोंबड्या बसल्या होत्या.

तिथली नर्स ओशाळून म्हणाली, "काका, दोनच दारं हायत की. पायाला जखमा असलेला माणूस मागं कसा बसवायचा? आन् पेट्रोल लई पिते. आमाला न्हाय परवडत."

"मग विकून टाका," वडील म्हणाले.

"गिऱ्हाईकच न्हाय मिळालं."

वडिलांनी सावलीबाहेर आलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि उन्हाचा चटका बसला तसा काढून घेतला. मग आम्ही एसटीनं परतलो.

घरी आईनं विचारलं, "वापरतात ना हो गाडी?"

"रोज. पेशंट आणायला जाते."

त्या दिवशी आई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली. मी मान खाली घालून वाढत राहिले. पुढे घरी कुणीही आलं की ती हे कौतुकानं सांगायची, आणि वडील उठून आत जायचे.