फुटलेला रिमोट

गौलीगुड्याला एक म्हातारा व्हिडिओ गेमचे रिमोट दुरुस्त करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रिमोट हातात आला की तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि रिमोट कानाशी नेऊन हलवतो.

मी म्हणालो, "मुलाने भिंतीवर फेकला. गेम खेळून खेळून पोरगं मारकुटं होत चाललंय."

तडकलेल्या कडेवरून अंगठा फिरवत तो हसला. "बच्चे नहीं फेंकते, साब. उनके तो बटनां घिसते. ऐसे फूटे सो रिमोट बापां लाते."

मी मान खाली घातली. फेकला होता मीच.

तरी बरकतपुऱ्याला घरापर्यंत मजेत चालत आलो. महिनाभर पोराच्या काळजीने झोप उडाली होती. इलाज बापाचा करायचा, एवढंच निघालं.