सबजेलातली दोरी

ती घटना अजून डोक्यातून जात न्हाई. एरवी मी नकल्या माणूस. साहेबांचा खोकला, वकिलांचं नाकातून बोलणं, सगळं करून दाखवायचो अन् ठाण्यात हशा पिकायचा. या केसची नक्कल मात्र कधी जमली न्हाई.

दुष्काळ होता. शेजारी लातूर नवा जिल्हा झालेला. पाट्या लागल्या, जीपगाड्या आल्या, जेलचं तेवढं पुढं बघू, असं वरचे साहेब म्हणाले. मग तिकडचेही कच्चे कैदी आमच्या नांदेडकडच्या सबजेलात येऊ लागले. खोल्या दोन, माणसं मावेनात. जेल तहसीलदारांच्या ताब्यात, पहारा आमचा, अन् मी नवा फौजदार.

समोरचे हाटेलवाले काका रोज आत चहा द्यायचे. एक दिवस माझ्यापुढं कप ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "सायेब, तुमचे पाव्हणे दोरी वळून राहिलेत."

चहा तसाच सोडून जमादारांना घेतलं अन् झडतीला गेलो. एका पोराच्या घोंगडीखाली दोरी निघाली. धोतरं, लुंग्या फाडून वळलेली, मनगटाएवढी जाड. पळून जायचा कट, जमादारांनी निकालच दिला, गुन्हा नोंदवा म्हणाले.

या पोरावर विहिरीवरची केबल चोरल्याचा आरोप होता. जामीन त्याच सकाळी मंजूर झालेला. मुखेडहून आलेला बाप गेटवर उभा. हा नवा गुन्हा चढला तर पोरगं परत आत, अन् सुटणार कधी ते देवालाच ठाऊक.

मी विचारलं, दोरी कशाला रे?

"झोपाया," तो म्हणाला.

मी मान वाकडी करून त्याच्याच आवाजात "झोपाया" म्हणलो. गार्ड हसले. कैदी एकबी हसला न्हाई. खोटं बोलणारा माणूस लांबण लावतो. हा एका शब्दावर थांबला होता. तिथंच मला खटकलं.

अंगझडतीसाठी सगळ्यांना हात वर करायला लावले. प्रत्येकाच्या दोन्ही बगलांत वळ. कुणाचे लाल, कुणाचे काळे, काहींचे चिघळलेले.

एका म्हाताऱ्या कैद्यानं दोरीचं एक टोक दाराच्या गजाला बांधलं, दुसरं समोरच्या खिडकीला. छातीएवढ्या उंचीवर. काही जण पुढं आले, दोरीवर बगला टाकल्या, माना सोडून दिल्या. वाळत घातलेले कपडे असावेत तसे. त्यातला एक खरंच झोपला. भर दुपारी, आमच्यासमोर.

"निम्मे खाली निजतेत, निम्मे हिच्यावर," म्हातारा म्हणाला. "मग पाळी बदलते."

जमादारांनी टोपी काढली. याच खोलीचं कुलूप मी रोज तपासत होतो.

गुन्हा नोंदवला न्हाई. पोरगं बापाबरोबर गेलं. नियमानं दोरी आत ठेवता येत न्हाई म्हणून जमादार ती सोडायला लागले, तसा म्हातारा हात जोडून म्हणाला, तेवढी राहू द्या. सुटका न्हाई, भाकर न्हाई, दोरी मागितली. मी जमादारांना थांबवलं अन् तहसीलदारांना तिथंच बोलावून आणलं. त्यांनी बघितलं, दोन्ही खोल्यांतली माणसं मोजली अन् ते परत गेले. त्याच आठवड्यात काही कैदी नांदेडला हलले, किरकोळ गुन्ह्यातले सुटले. मग दोरी काढली.

अटक करताना आम्ही कलम बघतो. हा माणूस आज निजणार कुठं, हे कुणी बघत न्हाई. त्या दिवसापासून मी ते आधी बघायला लागलो अन् ध्यानात आलं, कितीतरी अटका करायची गरजच नसते.

झडती झाली त्याच संध्याकाळी हवालदारानं टँकरवर मारामारी केलेला एक गडी आणला. जामीनदार न्हाई, म्हणून आत टाकायचा बेत. मी जातमुचलका लिहून घेतला, त्याच्या एकट्याच्या अंगठ्यावर, अन् जा म्हणलो. तो दारातच घुटमळला. पोलीस असं सोडतात यावर त्याचा भरवसा बसेना.

"का सोडून राहिलात सायेब?"

"आत दोरीवरपण जागा न्हाई."

त्याला ती चेष्टा वाटली. हसत गेला.