गैरहजर तानबा अध्यक्ष झाला तेव्हा

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. नालवाडीत आमच्या गल्लीचं एक रहिवासी मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा कडुनिंबाखाली चटई, वीस-बावीस घरांची माणसं आणि वहीत ठराव लिहायला मी. विहिरीचा दोर बदलायचा असो की शेजाऱ्यांचं भांडण मिटवायचं, सगळं तिथंच.

मंडळाची एक रीत होती. अध्यक्ष व्हायला कोणी तयार नसे, म्हणून जो बैठकीला गैरहजर, त्यालाच अध्यक्ष करायचं. नाही म्हणायला तो तिथं नसतोच! दुसरी रीत मधुकररावांमुळे पडली. ते पहिले अध्यक्ष. गल्लीला कंदिलाचा एकच खांब मंजूर झाला, तो त्यांनी स्वतःच्या दारात रोवून घेतला आणि त्याखाली खाट टाकून पेपर वाचू लागले. तेव्हापासून ठरलं, अध्यक्षानं स्वतःच्या दारचा विषय काढायचा नाही आणि त्यावर बोलायचंही नाही.

आता तानबाचं सांगतो. तानबा गवंडी. बोलणं मोजकं, हात मात्र चुन्यानं कायम पांढरे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून पाटीवर अक्षरं गिरवायचा, ती मीच काढून द्यायचो. त्याचं घर उताराला, शेवटचं. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचं पाणी त्याच्या घरात शिरायचं. त्याची बायको अन्नपूर्णा ज्वारीची कोठी विटांवर चढवून चार महिने काढायची. त्या वर्षी विटांच्याही वर पाणी आलं आणि अर्धी ज्वारी काळी पडली. तानबा तीन वर्षं नाली मागत होता. पण नाली काढायची तर मोतीलालच्या दुकानाचा ओटा दोन हात तोडावा लागणार. मोतीलाल म्हणायचा, "पाहू ना, पुढच्या टायमाले पाहू."

एकदा तानबा कारंजा घाडगेला एका धाब्याची भिंत बांधायला गेलता. इकडे बैठकीत मोतीलालनंच सुचवलं, "तानबाले अध्यक्ष करा. लय शहाणा माणूस!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन पाय धुताना ध्यानात आलं, अध्यक्ष झाला म्हणजे नालीबद्दल तानबाचं तोंडच बंद!

तानबा परतला तशी अन्नपूर्णा भडकली. "अध्यक्ष झाले तं आता पाणी बाहेरूनच नमस्कार करून जाईन काय?"

तानबा थापी धूत म्हणाला, "थांब थोडी."

दोन महिने त्यानं अध्यक्षपण चोख केलं. मग मला म्हणाला, "भाऊ, पुढची बैठक अल्लीपूरच्या बाजाराच्या दिवशी ठेवा." मोतीलाल त्या बाजाराला कापड घेऊन जायचा, चुकायचा नाही. मला काही उमगलं नाही. मी ठेवली.

त्या दिवशी तानबा सकाळीच घरोघरी फिरून, आज बैठक चुकवू नका, असं सगळ्यांना सांगून आला. बैठकीत उठला आणि म्हणाला, "मले कामापायी बाहेरगावी जा लागते. दुसरा अध्यक्ष निवडा." सगळे चटईवर इकडेतिकडे पाहू लागले. गैरहजर कोण? एकच माणूस! ठराव लिहिताना मला इतकं हसू आलं की दौत कलंडली.

सांजेला मोतीलाल बैलगाडीतून गठ्ठे उतरवत होता. मी म्हणालो, "शेठजी, तुम्ही अध्यक्ष झाले."

"काऊन? मी तं इथं नव्हतोच!"

"म्हणूनच तं झाले."

पुढच्या बैठकीत तानबानं नालीचा विषय काढला. मोतीलाल उसळला, "पण माझा ओटा..."

"शेठजी, दारचा विषय!" सगळी चटई एकदम ओरडली.

मोतीलाल टोपी काढून स्वतःच हसायला लागला. "याले हे मीच शिकवलं राजेहो!"

घरटी एक माणूस खोदायला आला. ओटा तुटला, पण तानबानं नालीवर फरशी टाकून तो पुन्हा बांधून दिला, पहिल्यापेक्षा वीतभर रुंद. मोतीलाल त्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी अध्यक्ष होतो तवाची नाली आहे ही."

श्रावणात चार दिवस झड लागली. पाणी तानबाच्या दारावरून सरळ निघून गेलं. अन्नपूर्णानं कोठी जमिनीवर ठेवली, मोकळ्या झालेल्या विटांची चूल मांडली आणि मला जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकर पांढरीशुभ्र होती. मी दोन आणखी मागून घेतल्या.